जैवअभियांत्रिकीचे पदवीशिक्षण: रुंदी, खोली आणि पुणे

जैवअभियांत्रिकी ही सजीवांशी निगडित प्रश्नांना अभियांत्रिकीची पद्धत लावणारी शाखा आहे. अभियंता प्रश्न मोजता येईल अशा रूपात मांडतो, पैसा, वेळ आणि सामग्री यांच्या मर्यादेत राहून उपाय रचतो आणि तो उपाय दर वेळी ठरलेल्या दर्जाने काम करतो हे सिद्ध करून दाखवतो. पूल बांधताना वापरायच्या पोलादाचे गुणधर्म आधीच माहीत असतात आणि ते सहसा बदलत नाहीत. सजीव पदार्थाचे तसे नसते. पेशी वाढतात, थकतात, उत्परिवर्तित होतात. हाडावर भार पडला की ते घट्ट होते आणि भार हटला की विरळ होत जाते. शरीर आत शिरलेल्या परक्या वस्तूला प्रतिकार करते. एकाच वयाच्या आणि वजनाच्या दोन माणसांवर एकच औषध वेगवेगळा परिणाम करू शकते. अशा बदलत्या, प्रतिसाद देणाऱ्या पदार्थासोबत राहून भरवशाची वस्तू किंवा प्रक्रिया घडवणे हे जैवअभियंत्याचे काम आहे.

या कामाचे तीन मोठे प्रांत आहेत. पहिला शरीराचा: कृत्रिम सांधे, हृदयाच्या झडपा, पेसमेकर, डायलिसिसची यंत्रे, एमआरआय आणि सोनोग्राफी, निदानाची लहानमोठी उपकरणे. दुसरा पेशीचा: किण्वन, लशी, जैविक औषधे, प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊती, शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन. तिसरा माहितीचा: जनुकांचे क्रम, प्रथिनांच्या रचना, ईसीजी आणि स्कॅन यांतून अर्थ काढणारी संगणकीय साधने. जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा भर पहिल्या प्रांतावर आणि जैवतंत्रज्ञानाचा दुसऱ्यावर असतो. जैवअभियांत्रिकीची पदवी तिन्हींना एका अभ्यासक्रमात आणते. तिचे आकर्षण यात आहे आणि धोकाही यातच आहे. चार वर्षांत एवढा पसारा उरकायचा म्हटले की प्रत्येक विषयाची तोंडओळख होते आणि एकाही विषयावर हुकमत येत नाही. या पदवीचा मुख्य प्रश्न रुंदी आणि खोली यांचा मेळ कसा घालायचा हा आहे. तो सोडवण्यासाठी लागणारे कारखाने, प्रयोगशाळा आणि रुग्णालये पुण्याइतकी एकमेकांजवळ असलेली शहरे भारतात थोडी आहेत.

पदवीआधीचे काम

पुण्यात या विषयाची पदवी येण्याच्या कितीतरी आधी काम सुरू झाले होते. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात उभे राहिले. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. बुरशी मोठ्या टाकीत वाढवायची, तिला सतत निर्जंतुक हवा पुरवायची, वाढीतून निघणारी उष्णता काढून घ्यायची आणि द्रवातून औषध शुद्ध रूपात वेगळे करायचे, हे सारे पेशीच्या प्रांतातले काम होते. त्याला तेव्हा वेगळे नाव नव्हते, एवढेच.

सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. मात्रांच्या संख्येने ती आज जगातली सर्वांत मोठी लसउत्पादक कंपनी आहे. साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल बनवण्याच्या तंत्रातून १९८० च्या दशकात प्रमोद चौधरी यांची प्राज इंडस्ट्रीज उभी राहिली. पानिपतच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा जो प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, त्याचे तंत्रज्ञान प्राजचे आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्या परिसरातले व्हेंचर सेंटर नव्या उद्योजकांना जागा, उपकरणे आणि सल्ला पुरवते. याच भागात २००६ मध्ये आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आली.

कोविडच्या काळात या साऱ्याची एकत्रित ताकद दिसली. विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये विषाणू वेगळा केला. मायलॅब या पुण्याच्या कंपनीच्या आरटी-पीसीआर संचाला २३ मार्च २०२० रोजी मान्यता मिळाली. भारतीय कंपनीने विकसित केलेला तो पहिला मान्यताप्राप्त संच होता. जानेवारी २०२१ मध्ये सिरमच्या कोव्हिशील्ड लशीच्या मात्रा देशभर रवाना झाल्या. हिंजवडीच्या जेनोव्हाने बनवलेल्या देशातल्या पहिल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली. एमआरएनएचा रेणू नाजूक असतो आणि अशा सुरुवातीच्या लशींना उणे तापमानात ठेवावे लागे. जेनोव्हाने लस गोठवून सुकवली आणि ती साध्या शीतपेटीच्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये टिकेल अशी केली. रेणूचे गुणधर्म ओळखून वितरणाची अडचण सोडवणे हे या शाखेचे नमुनेदार काम आहे.

आज पुणे परिसरात पदवीस्तरावर या विषयाकडे जाणाऱ्या अनेक वाटा आहेत. लोणी काळभोरला एमआयटी-एडीटी विद्यापीठात बायोइंजिनिअरिंगचे स्वतंत्र स्कूल आहे. ताथवड्याला डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या संस्थेत जैवतंत्रज्ञानाची बीटेक पदवी मिळते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या जैवमाहितीशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान संस्थेत बारावीनंतरचा एकात्मिक एमएस्सी अभ्यासक्रम चालत आला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स आणि केमिकल या शाखांतूनही विद्यार्थी या क्षेत्रात येतात.

आधी मूळ शाखा की थेट जैवअभियांत्रिकी?

या पदवीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप याच इतिहासातून निघतो. पिंपरीच्या टाक्या केमिकल इंजिनिअरांनी चालवल्या, कृत्रिम पाय मेकॅनिकलच्या ज्ञानावर उभे राहिले आणि ईसीजी यंत्रे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी बनवली. त्यांना लागणारे जीवशास्त्र ते कामावर शिकले. मग विद्यार्थ्याने आधी मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक यांपैकी एक मूळ शाखा पक्की करावी आणि पदव्युत्तर स्तरावर जैवअभियांत्रिकीकडे वळावे, असे अनेक प्राध्यापक आणि उद्योजक सांगतात. आयआयटी मुंबईने १९८८ मध्ये जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे स्कूल सुरू केले तेही पदव्युत्तर शिक्षणासाठीच. नोकरीच्या बाजारातही या मताला आधार मिळतो. यंत्रनिर्मितीच्या कंपनीला संरचनेचे विश्लेषण करणारा माणूस हवा असतो आणि तिथे मेकॅनिकलचा पदवीधर पुढे असतो.

आक्षेपात तथ्य आहे, पण तो पूर्ण नाही. कामावर शिकलेले जीवशास्त्र त्या कामापुरते राहते. उपकरणाच्या रचनेतले महागडे दोष मात्र बहुधा दोन विषयांच्या सांध्यावर निर्माण होतात, जिथे अभियंत्याला शरीर कळत नाही आणि डॉक्टरला यंत्र कळत नाही. पल्स ऑक्सिमीटरचे उदाहरण बोलके आहे. हे यंत्र बोटातून सुमारे ६६० आणि ९४० नॅनोमीटर लांबीच्या दोन प्रकाशलहरी पाठवते आणि त्यांच्या शोषणातल्या फरकावरून रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज बांधते. त्वचेतले मेलॅनिनही प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले की, प्राणवायू धोकादायक पातळीखाली गेला असूनही यंत्राने तो पुरेसा दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. विद्युतमंडलात बिघाड नव्हता आणि भौतिकशास्त्रही चुकीचे नव्हते. त्वचेच्या रंगांचे वैविध्य चाचणीच्या नमुन्यात पुरेसे नव्हते. प्रकाशशास्त्र, शरीरविज्ञान आणि संख्याशास्त्र ज्याच्या डोक्यात एकत्र नांदतात, त्याला हा प्रश्न रचनेच्या टप्प्यावरच सुचू शकतो. सावळ्या त्वचेच्या देशात तो सुचणे फार गरजेचे आहे.

थोडक्यात, मूळ शाखा जे देऊ शकत नाही ते देणारी पदवीच समर्थनीय ठरते. मूळ शाखेचे पाच विषय आणि बीएस्सी जीवशास्त्राचे पाच विषय शेजारी ठेवल्याने ती घडत नाही. एकाच प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी लागते. ती सवय लागत नसेल तर विद्यार्थ्याने मूळ शाखा घेणे बरे.

अकरावीतली फूट

ही सवय लागण्याआड येणारा पहिला अडथळा विद्यापीठाच्या दाराबाहेर, अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच उभा राहतो. महाराष्ट्रात विज्ञान शाखेचा विद्यार्थी तेव्हाच गणिताचा किंवा जीवशास्त्राचा होतो. सीईटीचेही पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट आहेत. पहिल्यातून इंजिनिअरिंगकडे आणि दुसऱ्यातून फार्मसी, कृषी यांकडे वाट जाते. वैद्यकीयसाठी नीट असते. दोन्ही विषय घेणारे विद्यार्थी असतात, पण क्लासचे वेळापत्रक आणि प्रवेशाची शर्यत बहुतेकांना एक बाजू सोडायला लावते.

परिणामी जैवअभियांत्रिकीच्या वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी शेजारी बसतात. एकाला कलन येते, पण पेशीपटल म्हणजे काय हे दहावीपुरतेच आठवते. दुसऱ्याला मूत्रपिंडाची रचना तोंडपाठ असते, पण अवकल समीकरण पाहून तो बिचकतो. नीटमध्ये हुकलेल्यांचा एक गट याला वैद्यकीयचा पर्याय समजून येतो. ही समजूत सर्वांत घातक आहे. या पदवीतून डॉक्टर होता येत नाही, रुग्णावर उपचार करता येत नाहीत आणि चारही वर्षे गणिताची साथ सुटत नाही. शरीराविषयी कुतूहल असूनही गणित नकोसे वाटणाऱ्या विद्यार्थ्याला शरीरविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा फार्मसी अधिक मानवेल. हे प्रवेशाआधी स्पष्ट सांगणे संस्थांचे कर्तव्य आहे, जरी त्यामुळे काही जागा रिकाम्या राहिल्या तरी.

फूट सांधण्यासाठी पहिले सत्र दोन्ही गटांना वेगवेगळे शिकवावे लागते: जीवशास्त्राच्या मुलांना कलन आणि रेषीय बीजगणित, गणिताच्या मुलांना पेशीविज्ञान आणि जैवरसायन. सगळ्यांना एकत्र बसवून दोन्ही विषय वरवर शिकवले, तर ज्याला जे येते त्यात तो कंटाळतो आणि जे येत नाही त्यात मागे पडतो. पुढच्या वर्षी द्रवगतिकी किंवा संदेशप्रक्रिया सुरू झाली की ही उणीव उघडी पडते. तेव्हा ती भरून काढायला वेळ उरलेला नसतो.

चार वर्षांचा गाभा

तिन्ही प्रांतांना सामाईक असा एक गाभा आहे आणि तो पहिल्या दोन वर्षांत पक्का व्हायला हवा. कलन, अवकल समीकरणे, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग, यांत्रिकी, विद्युतमंडले, उष्मागतिकी आणि द्रवगतिकी या बाजूला. पेशीविज्ञान, जैवरसायन, मानवी शरीरविज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र त्या बाजूला. या विषयांची गाठ कुठे पडते हे काही उदाहरणांवरून लक्षात येईल.

नळीतून वाहणाऱ्या द्रवाला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध सोळापट वाढतो. धमनीतला थोडासा अडथळा किती महागात पडतो आणि स्टेंटने मिळवलेला थोडा रुंदावा किती मोलाचा ठरतो, हे या एका संबंधातून कळते. जैवअभियंत्याला त्यापुढेही जावे लागते. हा नियम साध्या द्रवाचा, ताठ नळीचा आणि एकसारख्या प्रवाहाचा आहे. रक्तात पेशी तरंगत असतात, धमनीची भिंत लवचीक असते आणि प्रवाह ठोक्यागणिक बदलतो. नियम कुठपर्यंत लागू पडतो आणि कुठे सोडून द्यावा हे ठरवण्यासाठी द्रवगतिकी आणि शरीरविज्ञान दोन्ही लागतात.

कृत्रिम सांध्यांचेही असेच. हाडाच्या बाहेरच्या टणक थराचा ताठरपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल असतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे ११० आणि कोबाल्ट-क्रोमचा २०० च्या पुढे. मांडीच्या हाडात इतका ताठ धातू बसवला की भार तोच उचलतो, हाडावर ताण पडेनासा होतो आणि ताणाविना हाड विरळ होत जाते. मजबूत सामग्री निवडणारा अभियंता हाड जिवंत आहे हे विसरला, तर त्याच्या मजबुतीपायी काही वर्षांनी सांधा सैल होतो.

पेशीच्या प्रांतात हीच परीक्षा आकारमान वाढवताना होते. फ्लास्कमध्ये उत्तम वाढणारे जिवाणू मोठ्या टाकीत उत्पादन देतीलच असे नाही. टाकीची प्रत्येक बाजू दहापट केली की घनफळ हजारपट होते, पण पृष्ठभाग शंभरपटच. पेशींनी निर्माण केलेली उष्णता हजारपट आणि ती बाहेर जाण्याची जागा शंभरपट. प्राणवायू पाण्यात फारच थोडा विरघळतो, म्हणून तो सतत पुरवत राहावे लागते. त्यासाठी द्रव जोरात घुसळला तर भिंत नसलेल्या प्राणी-पेशी फुटू शकतात. कोव्हिशील्डसारख्या लशीत माणसाच्या पेशींपासून आलेली पेशीमालिका मोठ्या जैवभट्टीत वाढवून तिच्यात विषाणूवाहक वाढवावा लागतो आणि मग गाळणी-शुद्धीच्या अनेक पायऱ्यांतून तो वेगळा काढावा लागतो. जीवशास्त्रज्ञाने शोधलेली लस कोट्यवधी मात्रांपर्यंत पोहोचते ती या अवघड गणितातून.

तिसऱ्या प्रांतातल्या संगणकीय साधनांना संख्याशास्त्राचा पाया अनिवार्य आहे. नमुना कोणाचा घेतला, किती घेतला, चाचणी रोग नसलेल्यालाही किती वेळा रोगी ठरवते, हे प्रश्न न विचारता फक्त सॉफ्टवेअर चालवायला शिकलेला विद्यार्थी सुबक दिसणारी चुकीची उत्तरे देतो. म्हणून संख्याशास्त्र एका सत्रात उरकण्यासारखा विषय नाही. प्रत्येक प्रात्यक्षिकात मोजमापातली अनिश्चितता लिहायला लावली, तर ते अंगवळणी पडते.

तिसऱ्या वर्षी एक कणा

गाभा झाल्यावर अनेक अभ्यासक्रम वाट चुकतात. जैवसामग्री, जैवसंवेदक, ऊती-अभियांत्रिकी, प्रतिमाशास्त्र, जैवमाहितीशास्त्र, कृत्रिम जीवशास्त्र, नॅनोतंत्र अशी आकर्षक नावांची यादी तिसऱ्या-चौथ्या वर्षात लागते आणि विद्यार्थी प्रत्येकाचा एकेक पेपर देत जातो. गुणपत्रिका भरगच्च दिसते. मुलाखतीत मात्र सर्किट आखून दाखव, टाकीचा प्राणवायू-हिशेब मांड किंवा हा डेटा तपासून दे असे म्हटले की हात थांबतात.

यावरचा उपाय अवघड नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याने उपकरणे आणि इलेक्ट्रॉनिक्स, सामग्री आणि यांत्रिकी, जैवप्रक्रिया किंवा संगणन यांपैकी एक कणा निवडावा. त्यातले किमान पाच-सहा विषय मूळ शाखेच्या विद्यार्थ्याइतक्याच कसाने पूर्ण करावेत, शक्य तिथे त्याच शाखेच्या वर्गात बसून. उरलेली रुंदी या कण्याभोवती रचावी. असा पदवीधर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याशी इलेक्ट्रॉनिक्सच्या भाषेत बोलू शकतो आणि शिवाय हृदयाच्या विद्युतसंकेताचा अर्थ जाणतो. पदवीची रुंदी मोलाची ठरते ती अशी कोणत्यातरी खोलीला जोडली गेली की. विद्यापीठांमध्ये आता मुख्य विषयासोबत मायनर घेण्याची सोय वाढते आहे, तेव्हा हा बदल नियमांच्या चौकटीत बसणारा आहे. त्यासाठी विभागांनी आपापल्या भिंती थोड्या खाली आणायला हव्यात.

रुग्णालय आणि कारखाना हीच प्रयोगशाळा

कण्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष गरज पाहणे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ च्या सुमारास देशातल्या सरकारी रुग्णालयांतल्या उपकरणांची मोजदाद केली. २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० उपकरणे सापडली आणि वेगवेगळ्या राज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के बंद होती. यामागे सुटे भाग, देखभालीचे करार, प्रशिक्षित माणसांची उणीव अशी अनेक कारणे असतात, पण रचनेचाही वाटा असतो. वातानुकूलित खोली, स्थिर वीज आणि हाकेच्या अंतरावरचा तंत्रज्ञ गृहीत धरून बनवलेले यंत्र वेल्ह्यातल्या किंवा भोरमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच भरवशाने चालेल अशी अपेक्षा धरता येत नाही. पुण्याच्या जीवट्रॉनिक्स कंपनीने हाताने फिरवून वीज निर्माण करणारा डीफिब्रिलेटर बनवला, तो नेमका या अडचणीवरचा उपाय आहे. मॉड्यूल इनोव्हेशन्स या पुण्यातल्याच कंपनीने मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या झटपट निदानावर काम केले, तेही प्रयोगशाळा दूर असलेल्या रुग्णाचा विचार करून.

शरीराच्या सवयीही प्रदेशागणिक वेगळ्या असतात. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, जमिनीवर झोपून उठणे या क्रियांत गुडघा खूप जास्त वाकतो. पाश्चात्त्य रुग्णांची मापे आणि हालचाली समोर ठेवून बनवलेला कृत्रिम गुडघा इथल्या वृद्ध बाईला देवघरापुढे बसू देत नाही, तेव्हा शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही तिची अडचण संपलेली नसते. ही अडचण वाचून कळत नाही. अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत बसून, रुग्णांशी आणि परिचारिकांशी मराठीत बोलून ती समजून घ्यावी लागते. या कामात मराठी माध्यमातून आलेला, गावाकडचा विद्यार्थी मुळीच मागे नसतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकाशी झगडताना त्याला जड जाते हे खरे. पण आशा सेविका यंत्राबद्दल काय सांगते आहे, रुग्ण औषधाची मात्रा का चुकवतो, हे त्याला लवकर उमगते. अभ्यासक्रमाने या कौशल्याला श्रेयांक द्यायला हवेत.

या दिशेने महाराष्ट्रात एक ठोस प्रयोग झालेला आहे. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे नवोपक्रम केंद्र राज्य सरकारच्या पाठबळावर सुरू झाले आणि पुण्याचे सीओईपी व नागपूरचे व्हीएनआयटी त्याच्या जाळ्यात आले. डॉक्टरांनी मांडलेल्या गरजेपासून सुरुवात करायची, नमुना बनवायचा, तपासायचा आणि उद्योगापर्यंत न्यायचा, ही त्याची पद्धत. पदवीच्या विद्यार्थ्यालाही ती साधी करून देता येते: दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत काही आठवडे रुग्णालयात किंवा कारखान्यात केवळ निरीक्षण, तिसऱ्या वर्षी त्यातला एक प्रश्न निवडून नमुना, चौथ्या वर्षी त्याची चाचणी. ससून, केईएम आणि शहरातली मोठी खासगी रुग्णालये, हडपसर-मांजरीपासून हिंजवडीपर्यंतचे कारखाने आणि पाषाणच्या प्रयोगशाळा यांच्याशी विद्यापीठांनी कायमचे करार करायला हवेत. ओळखीपाळखीवर मिळणारी इंटर्नशिप ज्याच्या घरी ओळखी आहेत त्यालाच मिळते.

दर्जा, नियमन आणि नीती

साधे खेळणे बिघडले तर ते बदलता येते. शरीरात बसवलेली झडप बिघडली तर माणूस जातो. त्यामुळे सुरक्षितता सिद्ध करणे हा या शाखेचा अर्धा भाग आहे, आणि तो अनेक अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षाच्या एखाद्या ऐच्छिक पेपरात ढकललेला असतो. भारतात वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. जोखमीनुसार त्यांचे ए ते डी असे चार वर्ग आहेत. जीभ दाबण्याची पट्टी सर्वांत खालच्या वर्गात येते, हृदयाची झडप सर्वांत वरच्या. दर्जाव्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५, जोखमीच्या व्यवस्थापनासाठी १४९७१, शरीराशी सामग्रीचे जुळते का हे तपासण्यासाठी १०९९३ ही मानके उद्योगात रोज वापरली जातात.

त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेली कृत्रिम झडप या बाबतीत आदर्श धडा आहे. आधीचे नमुने चाचण्यांत अपयशी ठरले, सामग्री पुन्हा पुन्हा बदलावी लागली आणि १९९० मध्ये पहिली झडप रुग्णाच्या हृदयात बसली. दर अपयशाची नोंद नीट ठेवली होती म्हणून पुढचा नमुना सुधारता आला. प्रयोगवहीत जे घडले ते तसेच लिहिणे, नको असलेले निरीक्षण न गाळणे, बदलाचे कारण नोंदवणे या सवयी पहिल्या प्रात्यक्षिकापासून लावता येतात. जर्नल वर्षअखेरीला मित्राच्या वहीवरून उतरवण्याची प्रथा म्हणूनच या शाखेत अक्षम्य मानली पाहिजे.

नीतीचे प्रश्नही गाभ्यात यायला हवेत. रुग्णाची संमती खरोखर समजून घेतलेली आहे का, प्राण्यांवरचा प्रयोग टाळता येईल का, गरिबाच्या शरीरावर तपासलेली वस्तू पुढे त्याला परवडणार आहे का, या प्रश्नांचा रचनेवर थेट परिणाम होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषध सोडणाऱ्या स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. किंमत ही उपकरणाची एक रचनात्मक मर्यादाच असते हे अशा निर्णयातून विद्यार्थ्याला शिकता येते.

पदवीनंतर

या पदवीधराला पहिली नोकरी बहुधा संशोधनात मिळत नाही. दर्जा-नियंत्रण, प्रक्रियांचे प्रमाणीकरण, नियामक कागदपत्रे, उत्पादन, रुग्णालयातल्या उपकरणांचे व्यवस्थापन, क्लिनिकल डेटा या विभागांत ती मिळते. ही कामे दुय्यम समजणे चूक आहे. वस्तू सुरक्षित आहे की नाही हे तिथेच ठरते आणि उद्योग कसा चालतो हे तिथेच कळते. संशोधनाची इच्छा असणाऱ्याला पुढचे शिक्षण अटळ आहे. त्यासाठी गेट या प्रवेशपरीक्षेत जैवतंत्रज्ञानाचा पेपर आहे आणि २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीचाही. काही भरतीच्या जाहिरातींत पात्र शाखांमध्ये जैवअभियांत्रिकीचे नाव नसते, ही खरी अडचण आहे आणि ती दूर करण्यासाठी विद्यापीठांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी शासनाकडे पाठपुरावा केला पाहिजे. देशात वापरली जाणारी बहुतांश उच्च दर्जाची वैद्यकीय उपकरणे अजून आयात होतात. २०२३ चे राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण आणि २०२४ चे बायोई३ धोरण यांनी देशी निर्मिती वाढवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते पुरे करायचे तर माणसे याच वर्गांतून घडवावी लागतील.

प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आणि पालकाने म्हणूनच इमारत आणि माहितीपत्रक बाजूला ठेवून काही नेमके प्रश्न विचारावेत. पहिल्या वर्षी गणित आणि जीवशास्त्र यांची उणीव भरून काढण्याची सोय आहे का? तिसऱ्या वर्षापासून एक कणा निवडून त्यात मूळ शाखेइतकी खोली गाठता येते का? किती रुग्णालयांशी आणि कारखान्यांशी लेखी करार आहेत, आणि गेल्या वर्षी किती विद्यार्थी तिथे प्रत्यक्ष काम करून आले? प्रयोगशाळेतली उपकरणे पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतः हाताळता येतात का? दर्जाची मानके आणि नियमन सक्तीने शिकवले जाते का? चौथ्या वर्षाचे प्रकल्प कोणत्या खऱ्या गरजेतून निघाले? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देणारी संस्था लहान असली तरी निवडण्यासारखी आहे. ज्या संस्थेकडे ती नाहीत, तिथे जाण्यापेक्षा चांगल्या महाविद्यालयात मूळ शाखा घेऊन पुढे या क्षेत्राकडे वळणे अधिक हिताचे आहे.